बारावीला ५४ टक्के, आणि डोळ्यांसमोर खडकवासला

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणारा मुलगा साडेसतरा वर्षांचा, नोव्हेंबरात जन्मलेला. दहावीला ८३ टक्के होते, बारावी सायन्सला ५४ झाले. गणितात ४१, फिजिक्समध्ये ४४, केमिस्ट्रीत ५२. वडिलांची मासेमारीची बोट आहे. दिवाळीला दोन नेपाळी खलाशी गावी गेले ते परतलेच नाहीत, त्यामुळे डिसेंबरपासून हा वडिलांबरोबर बोटीवर आणि संध्याकाळी बंदरात लिलावाला. कॉलेज आणि क्लास दोन्ही बुडाले. लहानपणापासून मनात एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आणि त्यातही नेव्हीच. मामा ‘नेव्हीत’ आहेत, ते म्हणतात की साठ टक्क्यांच्या खाली फॉर्मच भरता येत नाही. कॉलेजातले सर म्हणतात, बारावी पुन्हा दे आणि टक्के वाढव. गावातल्या एका ओळखीच्याने पुण्याजवळच्या निवासी अकॅडमीचं नाव सुचवलंय, वर्षाला एक लाख साठ हजार. वडील म्हणतात, बोट विकायला लागली तरी पैसे उभे करतो. ‘कोकण बोर्ड राज्यात पहिला येतो आणि मी चोपन्न टक्केवाला. मी फॉर्म भरला तर हसं होईल का?’ असं शेवटी विचारलंय.

*

आधी मामांचा साठ टक्क्यांचा हिशेब बघू, कारण तुझी निम्मी भीती तिथून आली आहे.

आपल्याकडे किनाऱ्यावर ‘नेव्हीत आहे’ म्हटलं की दहातल्या सात वेळा माणूस मर्चंट नेव्हीत, म्हणजे व्यापारी जहाजावर असतो. तुझे मामाही तिथेच असावेत असा माझा अंदाज. त्यांच्या क्षेत्रात ते बरोबरच सांगताहेत: मरीन इंजिनिअरिंगला जायचं तर आयएमयू या सागरी विद्यापीठाची सीईटी लागते, बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ६० टक्के लागतात आणि दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत ५०. पण भारतीय नौदलाचा त्या नियमाशी काही संबंध नाही.

सैन्यदलातही मार्कांची अट असलेली दारं आहेत. लष्कराची बारावीनंतरची टेक्निकल एंट्री, तिला पीसीएममध्ये ६० टक्के आणि जेईई मेन लागते. नौदलाची बारावीनंतरची बी.टेक. कॅडेट एंट्री, तिला पीसीएममध्ये ७० टक्के, इंग्रजीत ५० आणि पुन्हा जेईई मेनची रँक. तुझं पीसीएम ४६ टक्क्यांच्या आत-बाहेर आहे. ही दोन दारं आज तुला बंद आहेत, ते मान्य कर आणि पुढे चल.

एनडीएचं दार वेगळं आहे. यूपीएससी वर्षातून दोनदा जी परीक्षा घेते, तिच्या जाहिरातीत बारावीच्या टक्क्यांची अटच नाही. आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी पास, नेव्ही आणि एअर फोर्ससाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बारावी पास. बस. लेखी परीक्षा ९०० मार्कांची, एसएसबी (सैन्यदलाच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत) ९०० मार्कांची, आणि अंतिम यादी या १८०० वर लागते. त्यात बारावीचा एकही मार्क मिळवला जात नाही. ९५ टक्केवाला आणि तू सकाळी दहा वाजता एकाच पेपरला, एकाच रेषेवरून सुरुवात करता. कॉमर्स-आर्ट्सला आहोत म्हणून फॉर्मच न भरणारी मुलं किनारपट्टीवर कमी नाहीत. त्यांनीही हे लक्षात घ्यावं, आर्मी त्यांना मोकळी आहे. २०२२ पासून मुलीही खडकवासल्याला आहेत. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

तुझी खरी टंचाई वेगळीच आहे. कोर्स सुरू होताना उमेदवाराचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. आता तुझ्या नोव्हेंबरच्या जन्मतारखेचा हिशेब लाव. येत्या सप्टेंबरला बसलास तर कोर्सच्या वेळी तू साधारण १८ वर्षं ८ महिन्यांचा असशील. त्यानंतरच्या एप्रिलला बसलास तर १९ वर्षं २ महिने. त्याच्या पुढच्या सप्टेंबरला बसायचं म्हटलंस तर १९ वर्षं ८ महिने, म्हणजे संपलं. दोन संधी आहेत, तिसरी नाही. ही मर्यादा कुठल्याच प्रवर्गाला एका दिवसानेही शिथिल होत नाही, आणि पुरावा म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख धरतात. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या तारखेचा असा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर मांडावा. तुझ्याच वर्षी जुलैत जन्मलेल्याला तुझ्याइतक्याच संधी मिळतात, जूनमधल्याला एक कमी.

आता सरांच्या सल्ल्याकडे. बारावी पुन्हा द्यायची सोय आहेच. बोर्ड श्रेणीसुधारासाठी लगतच्या तीन संधी देतं, मात्र सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. सर वाईट सांगत नाहीत, बहुतेक अभ्यासक्रमांसाठी हा शहाणा सल्ला आहे. पण तू फेब्रुवारी-मार्चची तयारी करत बसलास, तर सप्टेंबरची संधी अर्धवट अभ्यासावर जाईल आणि एप्रिलची संधी बोर्डाच्या पेपरांनंतर महिन्याभरात अंगावर येईल. दोन्हींचा चुथडा. बरं, त्यातून मिळणार काय? पीसीएम साठच्या वर नेलंस तरी टेक्निकल एंट्रीला जेईई मेन लागणारच, आणि ती तू दिलेली नाहीस. कोऱ्या टक्क्यांसाठी दोनातली दीड संधी घालवायची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक अपवाद सांगून ठेवते. पदवीनंतर एअर फोर्सच्या एएफकॅट परीक्षेतून फ्लाइंग किंवा टेक्निकल शाखेत जायचं असेल, तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्समध्ये प्रत्येकी ५० टक्के लागतात. तुझे ४४ आणि ४१ तिथे आड येतील. विमानच उडवायचं असं ज्याच्या डोक्यात आहे त्याने श्रेणीसुधाराचा विचार जरूर करावा. तू नेव्ही म्हणतोयस, तुला त्याची गरज नाही.

तर मग ५४ टक्क्यांना काहीच अर्थ नाही का? आहे. टक्क्यांना नाही, गणितातल्या ४१ ला आहे.

हे ४१ का झाले? तू खलाशांचं कारण दिलंयस आणि ते खरंच असणार. पण डिसेंबरपासून अभ्यास बुडाला म्हणजे डिसेंबरपर्यंतचं येतं, असा त्याचा अर्थ होतो. तसं आहे का, हे आज रात्री तपास. मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, सरळ रेषा, व्हेक्टर यांतली प्रत्येकी दहा उदाहरणं घड्याळ लावून सोडव. सात-आठ सुटली तर अडचण वेळेची होती. तीन-चारच सुटली तर अडचण अकरावीपासूनची आहे आणि बोटीवर ढकलून चालणार नाही.

अकरावी म्हणतेय ते मुद्दाम. आपल्या राज्य बोर्डाच्या मुलांची अकरावी ही ‘मधली सुट्टी’ असते. बोर्डाची परीक्षा नाही, मार्क कुठे लागत नाहीत. पण एनडीएच्या गणितात संच, कॉम्प्लेक्स नंबर, श्रेढी, क्रमचय-संचय, बायनोमियल, त्रिकोणमिती, शंकुच्छेद, सांख्यिकी, संभाव्यता हे सगळं येतं, आणि यातलं बहुतेक अकरावीच्या दोन पुस्तकांत आहे. बालभारतीची ती पुस्तकं घरात पडलेली असतील. क्लासच्या जाडजूड ठोकळ्यांआधी ती संपव.

पेपराचं अंकगणितही समजून घे, कारण बरीच मुलं अभ्यासाने मागे पडत नाहीत, या अंकगणिताने पडतात. गणिताचे १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, चुकलं तर ०.८३ वजा. वेळ अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला ७५ सेकंद. जनरल ॲबिलिटीचे १५० प्रश्न, प्रत्येकी ४ मार्क, चुकलं तर १.३३ वजा, वेळ तेवढाच. दोन्ही मिळून ९००. गेल्या काही वर्षांत लेखीची कटऑफ साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान फिरते आहे. म्हणजे शंभरात चाळीस मिळवणारा आत जातो! मात्र प्रत्येक पेपरात वेगळी किमान अट असते, बहुतेक वेळा २५ टक्के, कधी २०. गणितात ३०० पैकी ७५ नाहीत तर दुसऱ्या पेपरात कितीही मिळव, उपयोग नाही.

आता बघ. ३० प्रश्न बरोबर आले की ७५ होतात. पण त्याबरोबर १५ चुकवलेस तर साडेबारा गेले, राहिले साडेबासष्ट. तुझ्यासारख्यांची होडी नेमकी याच खडकावर आपटते: उरलेली दहा मिनिटं, उरलेले चाळीस प्रश्न, आणि ‘काहीतरी काळं करून येऊ’ हा मोह. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता येत असतील तरच हात घाल.

तुझ्यासाठी मी असं लक्ष्य ठेवेन: गणितात ४२ बरोबर, चुका १२ च्या आत, म्हणजे ९५. जनरल ॲबिलिटीत ८० बरोबर, चुका ३५ च्या आत, म्हणजे २७३. बेरीज ३६८. गणितात १२० पैकी ५४ प्रश्नांना हात लावायचा आणि ६६ सोडून द्यायचे. बोर्डाच्या परीक्षेने आपल्याला ‘सगळं लिहून ये’ ही सवय लावलेली असते, ती मोडायला दोन महिने लागतात. म्हणून सरावाला लगेच सुरुवात कर. यूपीएससीच्या संकेतस्थळावर जुने पेपर फुकट आहेत. पाच वर्षांचे दहा पेपर उतरवून घे. पहिला या आठवड्यात, अभ्यास झालेला नसतानाच सोडव, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल.

दुसऱ्या पेपरात खरा खजिना इंग्रजीचा आहे. ५० प्रश्न, २०० मार्क, म्हणजे एकूण ९०० मधले जवळजवळ पाव. आपली मुलं फिजिक्ससाठी रडतात आणि इंग्रजीकडे बघतही नाहीत. उरलेल्या १०० प्रश्नांत फिजिक्स साधारण २५, केमिस्ट्री १५, सामान्य विज्ञान १०, इतिहास २०, भूगोल २०, चालू घडामोडी १०. यातलं विज्ञान बरंचसं नववी-दहावीच्या पातळीचं असतं. तुझी दहावी ८३ टक्क्यांची होती हे विसरू नकोस. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्नपत्रिका हिंदीतही असते, मराठी माध्यमातून आलेल्यांना गणितातली शाब्दिक उदाहरणं समजायला तिचा आधार होतो.

हातात साधारण पंधरा आठवडे आहेत. सकाळचे तीन तास गणित, कारण परीक्षेतही गणित सकाळी असतं. पहिले आठ आठवडे मॅट्रिक्स-डिटरमिनंट, व्हेक्टर, त्रिकोणमिती, वर्गसमीकरणं, श्रेढी, सरळ रेषा, संभाव्यता आणि सांख्यिकी एवढंच. यांतून तुझे ४२ निघू शकतात. डेरिव्हेटिव्ह त्यानंतर. इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन वेळ उरला तर, नाहीतर एप्रिलच्या संधीसाठी. संध्याकाळी इंग्रजी एक तास, विज्ञान एक तास, इतिहास-भूगोल आलटून पालटून. ऑगस्टपासून दर रविवारी पूर्ण परीक्षा: दहा ते साडेबारा, दोन ते साडेचार, त्याच वेळी आणि कॅल्क्युलेटरशिवाय. गोळे काळ्या बॉलपेनने भरून.

आता ते एक लाख साठ हजार. बोट विकायची गोष्ट तर डोक्यातूनच काढायला सांग बाबांना. महाराष्ट्रात ‘करिअर अकॅडमी’ म्हणून ज्या पाट्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा मुळात पोलीस भरती आणि सैन्य भरतीच्या आहेत. पहाटे धावणं, दुपारी सामान्य ज्ञान, संध्याकाळी पुन्हा मैदान. त्या कामात त्या चांगल्याही असतात. पण पाटीवर एनडीए लिहिलं म्हणून बारावीचं गणित शिकवणारा माणूस तिथे असतोच असं नाही. फोन करून तीन गोष्टी विचारायला सांग: गणित कोण शिकवतं आणि ते रोज येतात का, एका वर्गात किती मुलं, आणि मागच्या दोन परीक्षांत लेखी पास झालेली किती. ‘आमचे इतके अधिकारी झाले’ हे उत्तर नको. रोल नंबर सांगा म्हणावं, यूपीएससी निकाल रोल नंबरनेच लावते. ‘सेटिंग’ किंवा ‘एसएसबीत ओळख’ हे शब्द ऐकू आले तर फोन ठेवून द्यावा. दापोलीत किंवा खेडला गणिताचा चांगला शिक्षक शोधून चार महिन्यांची एकट्याची शिकवणी लावलीस तर खर्च कितीतरी कमी येईल, आणि तुला नेमकं तेवढंच हवंय. (ज्यांची दहावी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी मात्र सरकारी सोय आहे: मुलांना छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, मुलींना तशीच नाशिकला. अकरावी-बारावी तिथेच होते. चौकशी दहावीच्या वर्षातच करावी, निकालानंतर नाही.)

फॉर्म. शुल्क १०० रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना तेही नाही. सप्टेंबरच्या परीक्षेचे फॉर्म मे-जूनच्या सुमारास निघतात, म्हणजे आत्ता. शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. परीक्षाकेंद्रं आधी येणाऱ्याला आधी या पद्धतीने भरतात. तुला मुंबई, ठाणे किंवा पुणे सोयीचं. सिंधुदुर्गातल्या मुलांना पणजी. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे अक्षरशः जुळव. आधार कार्डावर वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घे, एसएसबीच्या दारात नको.

आणि पसंतीक्रम. ‘फक्त नेव्ही’ लिहू नकोस. एका परीक्षेत एनडीएत आर्मीच्या साधारण २०८ जागा असतात, एअर फोर्सच्या १२०, नेव्हीच्या ४२. केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीच्या आणखी काही. जी शाखा पसंतीत लिहिलीच नाही तिच्यासाठी तुझा विचारच होत नाही. पहिली नेव्ही लिही, पण पुढच्या रकान्यांतही भर. कान्होजींच्या किनाऱ्यावरचा पोरगा म्हणून समुद्रच हवा, ही ओढ समजते. पण ४२ आणि २०८ यांतला फरकही समजायला हवा.

लेखी पास झाल्यावर पोरं जिथे हमखास घसरतात ती गोष्ट आत्ताच लिहून ठेव: निकालानंतर दोन आठवड्यांत लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर स्वतः नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर एसएसबीचं बोलावणं येत नाही, आणि ‘मला कळलंच नाही’ हे कुणी ऐकून घेत नाही.

एसएसबीत तुझे मार्क पुन्हा भेटतील. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं: बुद्धिमत्ता चाचणी, मग चित्र बघून गोष्ट आणि तिच्यावर गटचर्चा. बरीच मुलं तिथूनच परततात. जे राहतात त्यांना एक माहितीपत्रक भरायचं असतं. त्यात दहावी-बारावीचे टक्के, वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, खेळ, छंद, घेतलेल्या जबाबदाऱ्या, सगळं. मुलाखत घेणारा अधिकारी ते समोर ठेवून एका दमात दहा-बारा प्रश्न विचारतो: दहावीपासूनचे मार्क सांग, आवडता विषय, नावडता विषय, कशामुळे. ८३ वरून ५४ वर का आलास, हे नक्की विचारणार.

इथे दोन चुका होतात. एक, लपवाछपवी: ‘तब्येत बरी नव्हती.’ दुसरी, रडगाणं: ‘घरची परिस्थिती.’ तुझ्याकडे खरं उत्तर आहे, तेच दे. खलाशी गेले, बोट बंद ठेवणं परवडत नव्हतं, मी जायचं ठरवलं, अभ्यासाचा हिशेब चुकला, त्यानंतर हे-हे केलं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘त्यानंतर’ काही नसेल तर आधीचं सगळं सबब ठरतं.

त्यानंतर बोटीबद्दलच विचारतील. एका फेरीला डिझेल किती, बर्फ किती, खलाशाचा हिस्सा कसा ठरतो, लिलावात भाव पडला तर काय करता, इंजिन समुद्रात बंद पडलं तर पहिलं काम कोणतं, पर्ससीन जाळ्यांचा वाद काय आहे आणि तुझं मत काय. चार महिने तू हे सगळं हाताने केलंयस. पुस्तकी मुलं ‘मी जबाबदार आहे’ म्हणतात, तुला ते म्हणावंच लागणार नाही. फक्त आकडे तोंडात हवेत. बाबांशी बसून वहीत उतरवून काढ. इंग्रजी अडखळलं तर हिंदीत बोलता येतं, गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

तब्येतीचं. अभ्यासाला लागण्याआधी याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंगांधळेपणा आणि नंबर तपासून घे. काहींना आपल्याला रंग नीट दिसत नाहीत हे सगळी परीक्षा पार पडल्यावर, मेडिकल बोर्डासमोर कळतं. नेव्हीला रंगदृष्टी फार काटेकोर लागते. चष्मा असेल तर घालवण्यासाठी लेझर करून घेऊ नकोस, या वयात केलेली ती शस्त्रक्रिया चालत नाही. उंची मुलांना साधारण १५७ सेंटिमीटर लागते. ओल्या पायाचा फरशीवर ठसा घे, मधल्या कमानीची जागा कोरडी राहते का बघ. तीही पूर्ण उमटली तर तळवा सपाट असू शकतो. समुद्रात सतत डोकं घालणाऱ्यांच्या कानांत मळ, बुरशी, पडद्याला त्रास असतो, म्हणून कानाच्या डॉक्टरलाही एकदा दाखव. आणि दंडावर नांगर गोंदवून घ्यायची हौस असेल तर थांब: चालतो तो फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या भागावरचा आणि तळहाताच्या मागचा टॅटू.

व्यायामासाठी जाहिरातीतच माप दिलेलं असतं: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, जोर आणि सिट-अप किमान वीस-वीस, चिन-अप आठ, दोरीवर तीन-चार मीटर. तुला जड नाही. भुसभुशीत वाळूत रोज पळू नकोस, नडगी दुखावते. ओहोटीची ओली घट्ट पुळण किंवा डांबरी रस्ता बरा.

आणि कॉलेज? जूनमध्ये पदवीला प्रवेश घेच. निवड झाली तर सोडता येतो, नाही झाली तर वर्ष वाया जात नाही. विषय असा घे ज्यात ६० टक्के खरोखर मिळतील, कारण यापुढे बहुतेक ठिकाणी पदवीचे टक्के बघितले जातात. आणि पहिल्या वर्षीच एनसीसीला नाव दे. रत्नागिरीत तर नौदलाचं युनिट आहे. तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्र किमान बी ग्रेडने आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी मिळू शकते. पदवीनंतरची सीडीएस ही यूपीएससीची परीक्षा तर आहेच, चोवीस-पंचवीस वर्षांपर्यंत. त्या एसएसबीसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र फुकट तयारी करून घेतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी कर. एक कटू गोष्ट मात्र झाकत नाही: पदवीनंतर नौदलात अधिकारी व्हायला बहुतेक शाखांना इंजिनिअरिंगची पदवी लागते. म्हणजे तुझ्यापुरती नेव्हीची सरळ वाट याच दोन परीक्षांतून जाते, त्यानंतरची मुख्यतः आर्मीची.

हसं होईल का, असं विचारलंस. फॉर्म कुणी भरला हे यूपीएससी गावात दवंडी पिटून सांगत नाही.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी अडचण मार्कांची नाहीच. जून आणि जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, बाबा घरी. हे दोन महिने तुझे आहेत. पण १ ऑगस्टला बोटी पाण्यात उतरतील, आणि सप्टेंबरच्या पेपरला तेव्हा पाच-सहा आठवडे राहिलेले असतील, नेमके पूर्ण सराव परीक्षांचे. खलाशी पुन्हा कमी पडले तर बाबा तुझ्याकडेच बघतील आणि तू नाही म्हणणार नाहीस. म्हणून अकॅडमीचं बोलणं बाजूला ठेवून बाबांशी हे बोल: ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी बोटीवर येणार नाही, लिलावालाही नाही, माझ्या जागी दोन माणसं जुलैतच ठरवून ॲडव्हान्स देऊन ठेवा. एक लाख साठ हजारांची तयारी दाखवणारा बाप त्यातले थोडे पैसे दोन खलाशांच्या ॲडव्हान्सला घालू शकेल. आणि सप्टेंबरची परीक्षा बहुतेकदा गणपतीच्या आगे-मागे येते. ती गणपतीच्या आधी आली तर मुंबईकडे जाताना गाडी रिकामी मिळेल, पण परतताना चाकरमान्यांच्या गर्दीत उभं राहायलाही जागा मिळणार नाही, तेव्हा केंद्र कळलं की खेडपर्यंतचं परतीचं आरक्षण आधी कर.